टेबल रिकामंच होतं

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेआठला मागच्या खोलीतून धाडकन आवाज आला. हातातला चहा तसाच ठेवून धावत गेलो. नशीब, पंखा शाबूत होता.

पंख्याखाली ही होती. खिडकी लावायला म्हणून आत गेली, दारामागच्या उभ्या पंख्याच्या वायरीत पाय अडकला, ही खाली आणि पंखा हिच्यावर. मी आधी पंखा उचलला, पाती फिरवून बघितली आणि मग हिला हात दिला. माझ्या मते क्रम बरोबर होता. पंखा अंगावर असताना माणूस उठणार कसं? पण ही जमिनीवरूनच माझ्याकडे बघत राहिली.

"पाती फिरवून बघितलीत," ही म्हणाली.

"फिरतायत," मी म्हणालो.

डावं मनगट मोडलं आहे. सहा आठवडे प्लास्टर. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कशावर पडलात?" ही म्हणाली, "कशाकशावर म्हणून सांगू?" डॉक्टर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पंख्याला नुसता कंडेन्सर बदलायचा आहे. गेली बारा वर्षं मी हेच सांगतो आहे.

११ जानेवारी, रविवार

हात बरा होईपर्यंत ही बहिणीकडे राहायला गेली. व्यवहारी निर्णय आहे. एका हाताने हिला इथे काही करता येणार नाही, आणि दोन हातांनी मला काही करता येत नाही.

मेहुणी टॅक्सी घेऊन न्यायला आली होती. दारातच थांबली. आत यायला जागा नव्हती असं तिचं म्हणणं. सायकलच्या दोन फ्रेमा, वॉशिंग मशीनचा एक ड्रम (मशीन नाही, फक्त ड्रम) आणि वर्तमानपत्रांची रास सोडली तर दारातून व्यवस्थित येता येतं, फक्त थोडं आडवं यावं लागतं.

सामान म्हणून हिने एक पिशवी घेतली. दीड महिन्यासाठी बाई निघाली आणि सगळं एका पिशवीत मावलं! मी कौतुक बोलूनही दाखवलं.

"हो ना," ही म्हणाली. "मलाही आत्ताच कळलं."

१४ जानेवारी, बुधवार

घरात शांतता आहे. अंडी उकडायला ठेवून विसरलो. फुटलेलं अंडं छतापर्यंत जाऊ शकतं हे माहीत नव्हतं. पातेलं काळं झालं आहे पण बूड मजबूत आहे, म्हणून मागच्या खोलीत ठेवलं. कशाला तरी होईल.

१६ जानेवारी, शुक्रवार

कन्येचा फोन. ती दुसऱ्या शहरात बँकेत असते आणि बँकेत बोलतात तसंच घरीही बोलते.

"बाबा, बसून ऐका. आई परत येणार नाहीये."

"येईल की. वीस फेब्रुवारीला प्लास्टर निघतंय."

"प्लास्टर निघेल हो. आई येणार नाही, म्हणतेय मी."

मी म्हटलं, तुझ्या आईने मला असं काही सांगितलेलं नाही. कन्या म्हणाली, "बावीस वर्षं सांगतेय. तुम्ही लिहून घेत नाही एवढंच." हे साफ खोटं आहे. मी सगळं लिहून ठेवतो. एकतीस वर्षं बसच्या वर्कशॉपचं भांडार सांभाळलं आहे, तिथं लिहिल्याशिवाय चार आण्याचा वायसरसुद्धा बाहेर जात नसे.

१८ जानेवारी, रविवार

मेहुणीकडे जाऊन आलो. तिसरा मजला, अरुंद जिना, पण घर बाकी कसं, दवाखान्यासारखं रिकामं. कोपऱ्यात शिलाई मशीन, एक सोफा, टीव्ही. ही सोफ्यावर पाय पसरून बसली होती आणि हसत होती. टीव्हीवर काय चाललंय पाहिलं तर जाहिरात होती. जाहिरातीला हसत होती!

"घरी कधी येतेस?" मी विचारलं.

"तिथे मला जागा कुठे आहे?"

मी समजावून सांगितलं की पुढची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली मिळून सहाशे चाळीस चौरस फूट होतात. दोन माणसांना भरपूर झालं.

"मी चौरस फुटांबद्दल बोलत नाहीये."

"मग कशाबद्दल?"

हिने टीव्हीचा आवाज वाढवला. मेहुणी आतून म्हणाली, "अजून तस्संच!" ती मला उद्देशून एवढंच बोलते. गेली कित्येक वर्षं.

येताना बसमध्ये विचार केला. जागा नाही म्हणते ना? जागा करून दाखवतो. वर्कशॉपमध्ये दरवर्षी मोजणी करून निकामी माल काढून टाकत असू, तेच घरी करायचं. दोन दिवसांचं काम आहे.

२० जानेवारी, मंगळवार

कामाला सुरुवात. नवी वही आखली. वस्तू, नग, कधी आली, शेवटची कधी वापरली, कोणाची, शेरा. सरकारी कचेरीत खुर्च्या-कपाटांसाठी असते तशीच, त्यामुळे वर नाव घातलं : जडवस्तू नोंदवही. अक्षर छान आलं.

दिवसभरात झालेल्या नोंदी : गजराची घड्याळं ११ (एक चालू, पण गजर होत नाही). इस्त्र्या ४. डब्यांची झाकणं २७, त्यांचे डबे ०. किल्ल्या ६३. कोणत्या कुलपांच्या, माहीत नाही, पण कुलूप कधीही सापडू शकतं. रिकाम्या खोक्यांनी भरलेलं खोकं १.

काढून टाकलेल्या वस्तू : छत्री १, काड्या मोडलेली.

ती संध्याकाळी परत आणली. कापड चांगलं होतं.

२४ जानेवारी, शनिवार

भंगारवाल्याला बोलावलं. गलेलठ्ठ गृहस्थ, कानावर पेन्सिल. त्याने दारातून एक नजर टाकली आणि पुढे येण्याऐवजी एक पाऊल मागे गेला.

"साहेब, तुम्ही याच धंद्यात आहात का?"

"मी निवृत्त आहे."

"धंद्यातून?"

मी त्याला वॉशिंग मशीनचा ड्रम दाखवला. तो उचलायला वाकला तसं मी म्हटलं, "थांबा, याचं शेकोटीसाठी काहीतरी करता येईल." मग घड्याळं दाखवली. "नाही, ही दुरुस्त होतील." मग पातेलं. "याचं बूड बघा जरा." त्याने बूड बघितलं. मग पायरीवर बसून पाणी मागितलं.

"साहेब, माझ्या गोदामातून रोज माल येतो आणि रोज जातो," तो म्हणाला. "तुमच्याकडे नुसता येतो. तुमच्यापुढे आम्ही काहीच नाही हो."

मला आधी तो मान वाटला. तो गेल्यावर तसा वाटेना.

शेवटी त्याने वर्तमानपत्रांची रास नेली. एवढंच. पण खरं लिहायचं तर हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. निम्मी वर्तमानपत्रं मी वाचलेलीसुद्धा नव्हती. तरीही.

वडिलांची बदलीची नोकरी होती. दर वेळी आई दोन ट्रंका भरायची आणि बाकी सगळं मागे राहायचं. मी सात वर्षांचा असताना माझी तीनचाकी राहिली. ट्रक निघाला तेव्हा ती फाटकाजवळ उभी होती, हँडल माझ्याकडे वळलेलं. वडील म्हणाले, तिकडे गेल्यावर नवी घेऊ. घेतली नाही. पुढे पुढे माझे पाय लांब झाले आणि तो प्रश्न सुटला.

हे इथे का लिहिलं कोण जाणे. नोंदवहीत याला रकाना नाही म्हणून असेल.

१ फेब्रुवारी, रविवार

कन्या येऊन गेली. दोन दिवसांची रजा काढून आली होती. येताना हातमोजे, तोंडाला फडकं आणि काळ्या पिशव्यांची गुंडाळी घेऊन आली, जणू घरात कुणी मेलं आहे. पहिल्या तासात तीन वेळा भांडण झालं. तिचं म्हणणं, सगळं टाका. माझं म्हणणं, आधी बघू तर. तिने एक कार्डबोर्डचं खोकं न उघडता पिशवीत घातलं, ते मी बाहेर काढलं, आणि तिने रागाने उघडलं.

आत तिचा पहिला चष्मा होता, एक काडी तुटलेला. पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. नाटकात झाड झाली होती तेव्हाचा पुठ्ठ्याचा मुकुट. आणि गोळ्यांची छोटी डबी, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी : "कन्या, दुधाचे दात, ११ नग. उरलेले सापडले नाहीत."

कन्या डबी हातात घेऊन खाली बसली.

"बाबा, हे तुम्ही का ठेवलंत?"

"पडले होते म्हणून."

ती हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली. हातमोजे घातलेले असल्यामुळे डोळ्यांत धूळ गेली आणि अर्धा तास त्यातच गेला. त्यानंतर ती जरा हळू बोलायला लागली.

दुपारी तिने नोंदवही मागितली. पानं उलटत गेली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "'कोणाची' हा रकाना बघा."

बघितला. माझ्या नावावर एक हजार तीनशे बारा वस्तू. कन्येच्या दोनशे चार. घरच्या म्हणून साधारण चारशे. हिच्या नावावर कंगवा १, चष्म्याचं जुनं घर १, कुंड्या २, छत्री १ (दांडा मी बदललेला).

मी म्हटलं, "तुझ्या आईला कशाची हौसच नाही पहिल्यापासून."

कन्येने वही मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "पुन्हा वाचा," म्हणाली. "उद्याही वाचा."

जाताना दातांची डबी घेऊन गेली. मी पोच लिहून घेतली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मागची खोली. पाठ धरली आहे पण लिहायला हवं.

चार दिवस थरावर थर काढतो आहे. वरती अलीकडचं, खाली जुनं, हे आपोआप झालेलं आहे. प्रत्येक खोक्यावर आल्याची तारीख मी घातलेली असल्यामुळे कुठल्या सालात पोहोचलो ते कळतं. मंगळवारी कन्येच्या लग्नापर्यंत आलो. काल ती कॉलेजात होती. आज दुपारी ती तिसरीत गेली, आणि खोक्यांच्या खाली टेबल लागलं.

टेबल आहे हे मी विसरलोच होतो. हिचं कपडे बेतायचं टेबल. सहा फूट बाय साडेतीन, वरची फळी अखंड. लग्नानंतर हिने स्वतः सुताराशी घासाघीस करत बनवून घेतलेलं. ही तेव्हा लोकांचे कोट शिवायची. बाया-पुरुष दोघांचे. हात फार साफ होता म्हणत.

शेवटची सहा खोकी उचलली. खाली वर्तमानपत्र पसरलेलं होतं. ते काढलं तर त्याखाली कापड. निळं, जाड, लोकरीचं. त्यावर खडूच्या रेघा, अजून स्पष्ट. एक बाही कापून बाजूला ठेवलेली. दुसऱ्या बाहीच्या रेघेवर कात्री. पाती उघडी, कापडात निम्मी शिरलेली, तिथेच थांबलेली. घडीच्या जागी कसरीने चार भोकं पाडली आहेत.

हिला लगेच फोन केला. म्हटलं, "तुझं एक काम अर्धवट राहिलेलं सापडलं. निळा कोट. कात्रीसुद्धा तशीच टाकून गेलीस. गंजली असती म्हणजे?"

पलीकडे आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"अजून निळा आहे?" हिने विचारलं.

"आहे की. कुणा गिऱ्हाइकाचा राहिला?"

"गिऱ्हाइकांचे सगळे पुरे केले होते. म्हणून तर माझा घेतला होता."

मग खरंच फोन कटला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा खोक्यांवर तारीख आहे १४ मार्च. बावीस वर्षांपूर्वीची. माझ्या दैनंदिन्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून क्रमाने लावलेल्या आहेत. त्या सालची काढली. जे सापडलं ते जसंच्या तसं उतरवतो.

१४ मार्च. कन्येला ताप. ही तिला घेऊन डॉक्टरकडे गेली. वर्कशॉपचं जुनं भांडार बंद झालं, सहा खोकी घरी आणली. मागच्या खोलीत ठेवली. टेबल रिकामंच होतं. खोक्यांना खडू लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं.

१६ मार्च. ही खोक्यांचं विचारत होती. रविवारी बघू.

२१ मार्च. रविवार. झोपलो.

९ एप्रिल. पुन्हा तेच. सांगितलं, तात्पुरतं आहे.

३० मे. हिने दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं म्हणे. बरं झालं, तेवढीच दगदग कमी.

१२ ऑगस्ट. हिने शिलाई मशीन बहिणीला देऊन टाकलं. उत्तम जागा झाली. तिथे घड्याळं लावली.

३ डिसेंबर. ही आता टेबलाचं विचारत नाही. विषय मिटला.

अक्षर माझंच आहे. कुणी दुसऱ्याने लिहिलं असण्याची शक्यता नाही.

आज जेवलो नाही. अंडी संपली होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

टेबल रिकामंच होतं.

नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मी दार उघडून बाजूला झालो आणि म्हटलं, "पंख्यापासून सुरू करा."

"नक्की? मागच्या वेळी जळकं पातेलंसुद्धा तुम्ही सोडलं नव्हतंत."

"नेता का नाही?"

नेलं. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी जिन्यात उभा राहिलो, दुसऱ्या खेपेला आत जाऊन बसलो आणि तिसऱ्या खेपेला न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवला. नळ का सोडला हे विचारायला घरात कुणी नव्हतं हे बरंच.

सगळं देववलं नाही. एक हातोडी, किल्ल्यांचा जुडगा आणि घड्याळांतलं सर्वांत लहान एक ठेवलं. भंगारवाल्याने शेवटचं खोकं नेताना विचारलं, "साहेब, घर विकताय का?"

"नाही."

"मग कुणी येतंय का?"

मी म्हटलं, अजून तसं काही कळवलेलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मागच्या खोलीची फरशी पिवळी आहे. मला वाटत होतं लाल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कोपऱ्यावर कुणीतरी एक खुर्ची टाकून दिली होती. पाय तीनच, पण पाठ सुरेख. थांबून बघितली. पुढे गेलो. परत आलो, पुन्हा बघितली. हलवून पाहिली. एक बाई खिडकीतून म्हणाली, "घेऊन जा हो." मी म्हणालो, "नको, आमच्याकडे जागा आहे." बोललो आणि मग कळलं काय बोललो ते. बाई अजून खिडकीत विचार करत असेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्लास्टर काढलं. मी दवाखान्यात अर्धा तास आधीच जाऊन बसलो होतो. ही आणि मेहुणी मागाहून आल्या. मला बघून मेहुणीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

प्लास्टरच्या आतून हात निघाला तो कुणा परक्या बाईचा वाटावा इतका बारीक. ही बोटं एकेक करून हलवून बघत होती. पाचही हलली. मला एकदम नऊ जानेवारीची सकाळ आठवली आणि आपण तेव्हा काय हलवून बघितलं तेही आठवलं. पाणी प्यायला बाहेर जाऊन आलो.

बाकावर बसल्यावर सांगितलं, "मागची खोली रिकामी केली."

"कन्या म्हणाली."

"टेबल तुझं आहे. ते तुझ्या ताब्यात द्यायला हवं. पत्ता सांग, पाठवून देतो. म्हणजे बहिणीचाच असेल तर माझ्याकडे आहे."

ही माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं.

"पाठवून देता?"

"मशीन तिकडे, टेबल इकडे, काम कसं होणार?"

"आणि मी घरी ये, असं नाही म्हणणार?"

म्हणायचं तर तेच होतं. सहा आठवडे तेवढंच मनात होतं. पण बावीस वर्षं जे टेबल मी अडवून ठेवलं, त्याच्या बदल्यात आता हिलाच मागायचं, हे काही बरोबर दिसेना. म्हटलं, "आधी टेबल."

मेहुणीला खोकला आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

टेप घेऊन मेहुणीकडे गेलो. पाय बोल्टचे आहेत, निघतील. पण वरची फळी अखंड सहा फुटी, आणि दुसऱ्या मजल्यावरचं वळण असं की उभी धरली तर छताला लागते, आडवी धरली तर कठड्याला, तिरकी धरली तर मेहुणीच्या शेजाऱ्यांच्या दाराला. चार वेळा मोजलं. एकदा स्वतः फळी झालो आहे असं समजून वळून बघितलं. नाहीच.

वर जाऊन तसं सांगितलं. "एक उपाय आहे. मधोमध कापून दोन तुकडे करायचे आणि वर आणून जोडायचे."

"टेबलाला करवत लावून तर बघा!" ही अशी कडाडली की मला जरा बरंच वाटलं. इतके दिवस शांतपणे बोलत होती.

"मग काय करायचं?"

मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभी होती, तेच ते एक भांडं.

"करायचं काय," ही शेवटी म्हणाली. "टेबल येत नाही म्हटल्यावर मलाच जावं लागणार. दहाला येईन, पाचला निघेन. राहायला इथेच. मशीन तिकडे पोचवा. आणि दार मी आतून लावणार."

"जेवण?"

"डबा आणीन."

"माझा?"

"तुम्ही अंडी उकडता ना?"

२ मार्च, सोमवार

बरोबर दहाला बेल वाजली. स्वतःच्या घराची बेल वाजवून आली. मी दार उघडलं. ही सरळ आत आली. आडवं यावं लागलं नाही, त्यामुळे पुढच्या खोलीत येऊन जरा अडखळली, पायरी चुकल्यासारखी.

मागच्या खोलीत गेली. मी दोन पावलं मागे उभा. ही भिंतीला हात लावत एक फेरी मारून आली. निळ्या कापडाशी थांबली, कात्री उचलली, बोटाने धार बघितली.

"कापड गेलं," म्हणाली. "कसर लागलीय."

मी म्हटलं, "नवं आणू. तसंच निळं."

"आता मला निळा नको," ही म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

अकराच्या सुमाराला मशीनचा आवाज सुरू झाला. मी बाहेर खुर्चीवर बसून होतो. साहेबाच्या केबिनबाहेर शिपाई बसतो तसा. पाचला निघून गेली. दार उघडं ठेवून गेली. आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच बघितलं. टेबलावर काही ठेवायला हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोला. चष्मा होता हातात. खिशात घातला.

५ मार्च, गुरुवार

आज सव्वापाचला गेली. अंडी दोन जास्त उकडली होती. एक हिने खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाली.

१० मार्च, मंगळवार

साडेतीनला दार उघडलं आणि ही म्हणाली, "जरा आत या."

गेलो. टेबलावर काळं कापड पसरलेलं होतं. हातात टेप, तोंडात दोन टाचण्या.

"मेहुणीच्या इमारतीत एक वकील आहेत," ही म्हणाली. मेहुणी तिची बहीण, पण माझ्याशी बोलताना ही तिला माझी मेहुणीच म्हणते. "त्यांचा कोट आहे. उद्या सकाळी बाहेरगावी जातायत, माप द्यायला वेळ नाही. अंगकाठी तुमच्यासारखीच आहे. हात पसरा."

"तुला काय ठाऊक त्यांची अंगकाठी?"

"जिन्यात दिसतात. मला डोळे आहेत."

हात पसरले. मी वकिलांना पाहिलेलं नाही, पण मला ते फारसे आवडले नाहीत. पोट आत घेतलं आणि छाती काढून उभा राहिलो.

"पोट आत घेऊ नका."

"मी कुठे?"

"जसे आहात तसे उभे राहा."

तसा उभा राहिलो. खांदा, पाठ, बाही. ही आकडा मोठ्याने म्हणायची आणि वहीत लिहायची. छातीचं माप घेताना टेप पाठीमागून आणावी लागते, तेव्हा हिचे दोन्ही हात माझ्याभोवती आले. डावा हात अजून थोडा कापतो. मी हललो नाही. हलल्याने माप चुकतं.

"बारीक झालात," ही म्हणाली.

"अंडी," मी म्हणालो.

माप झाल्यावर मी वहीत डोकावलो. जुनी सवय. हिने मापं दोन पानांवर लिहिली आहेत. एका पानावर "वकील, काळा कोट". शेजारच्या पानावर पुन्हा तीच मापं, पण वर नाव नाही. कोपऱ्यात नुसतं "निळा" असं लिहिलं आहे. मी विचारलं, ही दुसरी प्रत कशाला? ही म्हणाली, "असू दे."

मनातून आनंद झाला. इतक्या वर्षांत माझ्याकडून हिने एक तरी शिस्त उचलली. महत्त्वाच्या कागदाची नक्कल ठेवलीच पाहिजे. फक्त नक्कल नीट उतरलेली नाही. वकिलांच्या पानावर कंबर दोन इंच जास्त आहे आणि दुसऱ्या पानावर माझी आहे तेवढीच.

ही आज साडेसहाला गेली. चूक लक्षात आणून द्यायची राहिली. उद्या दहाला आली की सांगतो.